साडेदहा मिलीमीटर धुराडे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय शिवणकाम, राहणार याच घरी, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला माणूस घरी यावा लागतो, आणि गेल्या सहा वर्षांत इथे फारसे कोणी आलेले नाही. यात येणाऱ्या माणसांची पूर्ण नावे वकिलांकडच्या यादीत आहेत. इथे मी त्यांना आम्ही घरात जसे म्हणायचो तसेच म्हणते.

१. हे घर, बँकेतली ठेव आणि माझ्या अंगावरचे दागिने मुलीला. या कागदाप्रमाणे सगळे करून घेण्याचे कामही तिचेच. मागच्या खोलीतल्या फरशीवर तेलाचा डाग आहे. तो घासत बसू नये. मी चाळीस वर्षे घासला आहे.

२. चिरंजीवांना ह्यांचा चष्मा. हे इस्पितळात पडलेले असताना चिरंजीवांनी ह्यांनी घरी केलेल्या छोट्या इंजिनाचा फोटो मोबाइलवर कुठल्याशा हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकला आणि उशाशी बसून एकेक अभिप्राय वाचून दाखवला. 'नवशिक्याचे काम.' 'रंग पोपटी.' 'धुराडे बुटके.' मध्ये मध्ये हसतही होते. मी डोळ्यांनी खुणावले, तर म्हणाले, "अगं आई, बाबांची करमणूक होतेय." ह्यांनी चष्मा काढून उशीखाली ठेवला आणि पुन्हा मागितला नाही. चिरंजीवांना देताना काचा पुसून द्याव्यात. दुसरे काहीही त्यांना मिळू नये, आणि ते कोर्टात गेले तर हे कलम न्यायाधीशांपुढे मोठ्याने वाचावे.

३. माझे शिवणयंत्र नणंदेला. त्याच्या आवाजाने तिचे डोके दुखते असे तिने माझ्या लग्नानंतर आठव्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितले होते. आता ते तिच्या खोलीत राहील.

४. लेथ, ड्रिल, वाईस आणि भिंतीवरची सगळी हत्यारे कोपऱ्यावरच्या पंपवाल्याला. पंप दुरुस्त करणारा हा माणूस ह्यांचे इंजिन मांडले होते त्या प्रदर्शनात सहज डोकावला होता. इंजिनासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "चालतं का हो हे?" हे म्हणाले, "चालतं." तो म्हणाला, "कमाल आहे." त्या दिवशी ह्यांच्या चेहऱ्यावर एकदाच हसू दिसले ते तेव्हा. मात्र हत्यारे मिळण्यासाठी त्याला वेळ आलीच तर एक काम करावे लागेल. ते पुढे लिहिले आहे.

५. आता इंजिन.

हे रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. विसाव्या वर्षी लागले आणि पहिली अकरा वर्षे एकाच वाफेच्या इंजिनावर काम केले. ते मोडीत निघाले तेव्हा घरी येऊन जेवले नाहीत. पुढे चाळिशीत ह्यांनी मागच्या खोलीत तेच इंजिन खऱ्याच्या एक-बारांश मापात, म्हणजे बारा फुटांना एक फूट असे, करायला घेतले. सतरा वर्षे लागली. तांब्याचा बॉयलर, ओतीव लोखंडाची चाके, आत खरा कोळसा, खरी वाफ. माझा संसार त्या खोलीच्या दाराशी थांबायचा. बोलावले तर "आलो" म्हणायचे आणि तासाभराने यायचे. या सतरा वर्षांबद्दल मी ह्यांना माफ केलेले नाही.

मॉडेल करणाऱ्या हौशी लोकांचे गावात एक मंडळ आहे. इंजिन पुरे झाल्यावर हे ते मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात घेऊन गेले. परीक्षक तिघे. अध्यक्ष, म्हणजे दातांचे डॉक्टर. मोजपट्टी, विमा कचेरीतला कारकून, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी व्हर्नियर ठेवणारा. आणि रंगवाला, ज्याचे औषधांचे दुकान आहे आणि जो रंगांच्या नमुन्यांची पट्टी घडी करून पाकिटात बाळगतो. तिघांपैकी एकही जण उभ्या जन्मात खऱ्या इंजिनावर चढलेला नव्हता.

रंगवाल्याने पट्टी लावून पाहिली. "हिरवा जरा पोपटीकडे गेलाय."

मोजपट्टीने अर्धा तास घेतला. "डाव्या बाजूला दोन रिव्हेट कमी आहेत. आणि धुराडं साडेदहा मिलीमीटर जास्त उंच आहे."

हे म्हणाले, "धूर ड्रायव्हरच्या तोंडावर यायचा, म्हणून वरून एक कडं जोडलं होतं. मीच जोडलं होतं."

"कागदोपत्री नोंद आहे का?"

"नाही. साहेबांनी तोंडी सांगितलेलं."

अध्यक्ष हसले. दात छान आहेत त्यांचे. "मग ती तुमची आठवण झाली. मंडळ ड्रॉइंग मानतं, आठवणी नाही मानत." जाताना ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा. अभ्यास कमी पडतो."

त्याच आठवड्यात ह्यांनी धुराडे साडेदहा मिलीमीटर कापले. माझ्या करंगळीच्या नखाएवढा तुकडा.

दोन वर्षांनी मंडळाच्या अंकावर जुना फोटो छापून आला. त्याच इंजिनाचा, शेवटच्या दिवसाचा. धुराड्यावरचे कडे स्पष्ट दिसत होते. त्या वर्षी हे पुन्हा इंजिन घेऊन गेले. मोजपट्टी एका डोळ्याला भिंग लावून कधी फोटोकडे, कधी मॉडेलकडे बघत होता. मग म्हणाला, "मूळ धुराड्याला कडं होतं. तुमच्याकडे ते कापलेलं दिसतंय. एवढी ढोबळ चूक कशी काय केलीत?" अध्यक्षांनी मान डोलावली. आपणच काय बोललो होतो हे तिघांपैकी कोणालाही आठवत नव्हते, आणि ते नाटक करत नव्हते. मला त्याचाच जास्त राग आला.

त्या फोटोत इंजिनाच्या चाकापाशी तीन कामगार उभे आहेत. मधला, टोपी हातात धरलेला, एकतीस वर्षांचा, म्हणजे हे. मोजपट्टीने त्या फोटोतले शहाण्णव रिव्हेट मोजले होते. मी बोलायला उठले तर ह्यांनी माझे मनगट असे दाबून धरले की दोन दिवस वळ होता. त्यानंतर ह्यांनी इंजिनात कोळसा कधी घातला नाही.

हे गेले तेव्हा तिघेही भेटायला आले. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "असं इंजिन पुन्हा होणे नाही. माणूस आमचाच होता हो." तेव्हापासून मंडळाची तीन पत्रे आली आहेत. इंजिन त्यांच्या दालनात काचेच्या पेटीत, मधोमध ठेवायचे आहे म्हणे.

ठेवावे. इंजिन मी मंडळाला देते, या अटींवर.

धुराडे आहे तसेच राहील. कोणीही ते दुरुस्त करणार नाही. पेटीच्या पुढच्या बाजूला इंजिनाच्या लांबीची पितळी पाटी लावावी. तीवर या तिघांची वर दिलेली वाक्ये जशीच्या तशी, बोलणाऱ्याच्या पूर्ण नावानिशी आणि तारखेनिशी कोरावीत. पाटीवर अंकातला तो जुना फोटोही बसवावा, 'अभ्यास कमी पडतो' हे वाक्य त्याच्या खाली यावे आणि फोटोतल्या मधल्या माणसाभोवती लाल गोल काढावा. तिघांनी ही पाटी वाचून तिच्या नकलेवर सह्या कराव्यात. एकानेही नकार दिला, तर पंपवाल्याने इंजिन मंडळाच्या दारात नेऊन हातोड्याने फोडावे आणि तांबे, पितळ, लोखंड वेगळे करून भंगारात द्यावे. त्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "काकू, माझ्याच्यानं नाही होणार." म्हणून हत्यारे याच अटीवर. होईल त्याच्याने. चांगला लेथ कोणाला नको असतो?

पाटीवर सगळ्यात शेवटी आणखी एक वाक्य कोरायचे आहे. ते मुलीला माहीत नाही. आई गप्प बसली आणि मंडळाने बाबांना मारले, असे ती आजवर सगळ्यांना सांगत आली आहे. म्हणून तिने हा भाग बसून वाचावा.

पहिल्या प्रदर्शनानंतरचा तो गुरुवार. दुपारी हे स्वयंपाकघराच्या दारात आले. एका हातात धुराडे, दुसऱ्यात हॅकसॉ. इतक्या वर्षांत ह्यांनी त्या खोलीतले काहीही मला विचारले नव्हते. म्हणाले, "मला माहितीये ते असंच होतं. पण तू सांग. तू नको म्हणालीस, तर मी नाही कापत."

मी जमिनीवर बसून कापड बेतत होते. तोंडात टाचण्या होत्या. त्या काढायचे कष्टही मी घेतले नाहीत. मान वर न करता मी म्हणाले, "कापा एकदाचं. तुमच्या धुराड्याकडे कोण बघतंय?"

हे आत गेले आणि करवतीचा आवाज आला. मी बेतत राहिले.

मंडळाने ह्यांना विचारले नव्हते, सांगितले होते. विचारले ह्यांनी फक्त मला. तेव्हा माझ्या त्या उत्तराची ओळ माझ्या पूर्ण नावाने, तारखेसह, बाकीच्यांच्या इतक्याच मोठ्या अक्षरांत कोरावी. मुलीला माझी दया येईल आणि ती हे वाक्य गाळू बघेल. गाळले तर वरची हातोड्याची अट तिलाही लागू आहे.

वरील सर्व मी लिहून, पुन्हा वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमोरच सह्या केल्या.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: घरचे डॉक्टर
(शेवटचे कलम बदलायचे का, असे मी दोनदा विचारले. नाही म्हणाल्या.)

साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या इस्त्रीच्या दुकानाच्या मालकीणबाई

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: बुधवार, १३ नोव्हेंबर २०१९