सकाळचा बोडीचा फोटो

आमगाव,
१९ सप्टेंबर २०१६

चि. सौ. पपितास, चंदाबाईचे अ. आ.

हातात मोबाईल असताना ही बाई पोस्टाचं पाकीट कायले पाठवून राहिली, म्हणून हसशील. हस. पण आता मोबाईलवर दोन अक्षरं लिहायची म्हटली की हात आखडतो. कागदाचं बरं असतं, तो कोणी पुढे ढकलत नाही.

आपल्या 'माहेर पिपरटोला' ग्रुपचं तुला ठाऊकच आहे. गावच्या लेकी, कोणी गोरेगावला, कोणी रायपूरला, शोधून शोधून मी एका जागी आणल्या. नियम एकच, गावची लेक पाहिजे. सून नको, पुरुष तर नकोच. आपली आई तेवढी वेगळी, कारण ती रोज सकाळी गावच्या बोडीचा फोटो टाकते आणि ते तळ्याचं पाणी पाहिल्याशिवाय आमच्या एकीलाही चहा गोड लागत नाही. दर सोमवारी मी एक प्रश्न टाकते. एखादी चार दिवस गप्प राहिली की फोन करून तिला बोलतं करते. तुझा मोहित तर म्हणतो, ताईनं बिनपगारी नोकरी धरली आहे.

आता भुमेश्वरीचं. आपल्या गावची लेक आणि तुझ्या भावाची बायको, तुला मी काय सांगू! तिनं नर्सिंगचा फॉर्म चोरून भरला होता. माहेरी जाते म्हणून निघायचं आणि गोंदियाला मुलाखत द्यायची, हे तिनं फक्त आम्हा बहिणींना ग्रुपवर सांगितलं होतं. कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढून तुझ्या भावाला पाठवला. झालं! तुझ्या माहेरी तिला दाराबाहेर पडू दिलं नाही, मोबाईल काढून घेतला, मुलाखत बुडाली. पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही. पोरीचं आयुष्य गेलं गं.

तुझ्या आईवर माझा राग नाही, खरंच नाही. राग आहे तो आमच्यात बसून आमचाच गळा कापणारीवर. मी कोणाकडे पाहू आणि कोणाकडे नाही, असं झालं आहे. तू ग्रुपात नाहीस, म्हणूनच आज तुझ्यावर भरोसा आहे. भावाला गोडीनं विचार, कोणी पाठवलं ते. नाव कळू दे, मग मी आहे आणि ती आहे.

आईला जप. माझा लोभ तुला ठाऊक आहे, तो या कामी येऊ दे.

तुझी,
चंदाबाई


पिपरटोला,
२७ सप्टेंबर २०१६

ती. चंदाबाईंना, पपिताचा सा. न. वि. वि.

पाकीट मिळालं. पोस्टमननं ते मोहितच्याच हातात दिलं, त्यांनी दिवसभर मला चिडवलं की ताईनं बायकोला पत्र लिहिलं आणि सख्ख्या भावाला नाही. इकडे सर्व ठीक. धान पोटरीवर आलं आहे. आईंचे डोळे मात्र फारच गेले. चहाचा कप हाताला लागला तरच त्यांना कळतो. मोतीबिंदू काढून घ्या म्हणून मी सांगून थकली, तुम्ही एकदा रागवा.

भावाला मी काही विचारलं नाही. त्याचं डोकं सध्या ठिकाणावर नाही. माझी आईही दोन दिवस जेवली नाही म्हणे.

एक विचारू का? रागावू नका. त्या सोमवारी ग्रुपवर कशाचा प्रश्न होता? सगळ्या फार हसल्या असं कानावर आलं. मी बाहेरची, मला कोण सांगणार, म्हणून तुम्हालाच विचारते.

भाऊजींना नमस्कार. लहानीवर लोभ राहू द्या.

आपली,
पपिता


आमगाव,
६ ऑक्टोबर २०१६

पपिता,

आशीर्वाद या खेपेला लिहीत नाही.

त्या सोमवारचा प्रश्न होता, 'तुमच्या सासूचं कुलूप कशाला?' भुमेश्वरीनं तुझ्या आईच्या साखरेच्या डब्याचं कुलूप सांगितलं, तिला 'कुलूपवाली' म्हटलं, आणि आम्ही हसलो. माझ्या ग्रुपावर इतक्या जणी एका दिवशी कधीच बोलल्या नव्हत्या. मुक्या मुक्या पोरी बोलल्या. थट्टा होती ती, आपल्याआपल्यातली.

नाव काही कळेना, तेव्हा मी शेवंतावर संशय घेतला. तिची नणंद तुझ्या माहेरच्या गल्लीत राहते, एवढ्यावरून. सगळ्यांसमोर तिला ग्रुपातून काढली. ती फोनवर ढसाढसा रडली, तिच्या पोराच्या गळ्याची शपथ घ्यायला निघाली. मी ऐकलं नाही. परवा भुमेश्वरीला मोबाईल परत मिळाला आणि तिनं नवऱ्याच्या मोबाईलमधला तो स्क्रीनशॉट मला पाठवला, धाडणारीचं नाव त्यानं पुसलं होतं. कुलपाची गोष्ट वर आहे, मुलाखतीची तारीख खाली आहे, आणि मध्ये मी हसलेली आहे. माझं नाव त्यात 'मोठ्या नणंदबाई' असं आहे.

गावच्या लेकी मला चंदाताई म्हणतात गं. नणंदबाई कोण म्हणेल? आईला तर अक्षर येत नाही. तिच्या मोबाईलमध्ये नावं भरून कोणी दिली होती?

म्हणजे आईच्या आडून तू आमच्यात बसली होतीस. आणि मी आंधळी, रडायला तुझ्याजवळच आली! माझ्या भावाच्या घरातून, माझ्या आईच्या मोबाईलवरून! दगाबाज म्हणू तर घरचीच आहेस. काऊन केलंस असं? निदान एवढं तरी लिही.

चंदा


पिपरटोला,
१४ ऑक्टोबर २०१६

ती. चंदाबाईंना,

तुम्ही आशीर्वाद दिला नाही तरी माझा नमस्कार.

हो, मीच पाठवला.

माझ्या बाबांना साखरेचा आजार होता. चोरून खायचे. एकदा पाय सडायला आला, तेव्हा आईनं डब्याला कुलूप लावलं. बाबा गेले, कुलूप राहून गेलं. किल्ली ती कोणाला देत नाही, मलाही नाही. त्यावर तुमचं सगळं गाव हसत होतं आणि मी तुमच्याच चुलीपुढे बसून वाचत होती. भावाला लिहिलं, पाहा तुझी बायको आपल्या आईला काय म्हणते. खालची तारीख दिसली नाही असं खोटं सांगणार नाही. दिसली, पण माझं डोकं कुलपातच अडकलं होतं. भुमेश्वरीवहिनीच्या पाया पडून आली. तिनं पाय ओढून घेतले. ते बरोबरच केलं.

पण तुम्ही मला दगाबाज म्हणता, ते मला झोंबलं. नऊ वर्षं झाली मला या गावात. तुम्ही लेकी माहेरी येता, तेव्हा रांधायला मी. ग्रुपात घ्या म्हटलं, तर तुम्ही हसून म्हणालात, तू तुझ्या माहेरचा काढ. माझ्या माहेरचं तुम्ही काय केलंत ते पाहिलं. वरून मलाच पत्र, की तू आमच्यात नाहीस म्हणून भरोसा.

तुमच्या आईंना दोन वर्षांपासून समोरचं माणूस नीट दिसत नाही, बोडी कुठून दिसणार? हे मी मागच्या पत्रात लिहिलं, तरी तुमच्या लक्षात आलं नाही. रोज बोडीच्या पाळीवर जाऊन फोटो मी काढायची. तुम्ही सगळ्या 'आई, किती छान' लिहायच्या, ते त्यांना वाचून दाखवायची. त्या हसायच्या. सांगावंसं वाटायचं, पण सांगितलं असतं तर तुम्ही मला बाहेर केलं असतं.

शेवंताताईंना परत घ्या, त्यांनी काही केलं नाही. आईंचा मोबाईल त्यांच्या उशाशी ठेवला आहे, चार्जिंग करून. उद्यापासून बोडीचा फोटो त्यांनाच मागा.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुमच्या नियमात बसेल तसं करा.

पिपरटोल्याची सून,
पपिता