पळून आल्यावरची भूक

सर्वेश,

तू तुझं रोजचं पळून येशील तेव्हा मी बाजारात असेन. मोड आलेले मूग उकडून झाकून ठेवलेत. तुला भूक नसेलच म्हणा. पळून आल्यावर तुला कधीच भूक नसते.

काल तुझ्या कॉलेजातल्या श्रुतिकाची आई भेटली. म्हणाली, "तुमचा सर्वेश रोज पळत पळत नाहूरला आमच्याकडे येतो, कौतुक वाटतं हो. माझे साबुदाणा वडे फार आवडतात त्याला." साबुदाणा वडे! ती काय पाण्यात तळते? आणि वजन उतरत नाही म्हणून नावं कुणाला, तर माझ्या फोडणीला. तुझ्या कॉलेजच्या जिममधल्या पोरांचं ऐकून मी घरातलं तेल निम्म्यावर आणलं. तुझे बाबा महिनाभर उकडलेला दुधी गिळतायत.

तोंडावर बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून लिहून ठेवतेय. वडे खा, माझं काही म्हणणं नाही. पण ती पुढे म्हणाली, "आमच्याकडे अगदी हक्काने मागून खातो." तू मला 'आई, अजून वाढ' असं शेवटचं कधी म्हणालास, ते काही केल्या आठवेना. तरी मी हसत सांगितलं, घरीही तो तस्साच मागून खातो.

उद्या तिने विचारलं तर मला खोटं पाडू नकोस.

दूध तापवलंय. खिडकी लाव, मांजर येतं.

आई