अर्ध्या चाकाचं अंतर

प्रिय मुंगे,

पाकीट उलटसुलट करून तू म्हणशील, तोफेला कागद कशाला लागला? चार गल्ल्या पलीकडे तर राहते, खिडकीतून बोलली असती तरी ऐकू आलं असतं. खरं आहे. पण तोंडाने सांगायला बसले की माझं भाषण होतं, आणि भाषण झालं की मी सुटते. कागद टाळ्या वाजवत नाही, म्हणून कागद.

माझं ठीक आहे. गुडघा जिना उतरताना बोलतो, चढताना गप्प असतो. संघटनेच्या कार्यालयात भिंतीला ओल आली आहे आणि नवा चिटणीस माझी भाषणं टंकून ठेवतो. ती वाचताना लक्षात आलं की मी तीस वर्षं एकच भाषण करते आहे. मागण्या बदलतात, शेवट तोच: ‘चाकं सारखी द्या, मग पाय ठरवतील.’ लोक उभे राहतात. परवा मात्र ते वाक्य वाचताना मला कागद उलटा ठेवावासा वाटला.

कारण त्याच्या आदल्या दिवशी तुझी लेक येऊन गेली होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत सायकल खांद्यावर घेऊन आली, खाली कुलूप लावायलाही तयार नाही. फायलींच्या कपाटाला ती अशी अलगद टेकवली, जशी तू टेकवायचीस, पेडल भिंतीला न लागू देता. मग वही काढली. एका पानावर ‘घ्यावेत’, समोरच्या पानावर ‘घेऊ नयेत’. अक्षर तुझंच, उजवीकडे कललेलं. शर्यतीच्या टायरांचं वजन, किती दिवसांत झिजतात, खडी लागली तर किती लवकर फाटतात, चाळीस किलोमीटरमागे किती वेळ वाचतो, सगळं लिहिलेलं. एका जोडीच्या किमतीत साधी सायकल येते, हेही. पोहायला शिकवून साठवलेले तिचे स्वतःचे पैसे आहेत, तरी तिला ते उधळायचे नव्हते. पुढच्या रविवारी शर्यत, संघात एकीचीच जागा, आणि दुकानात गुरुवारपर्यंत सांगायला हवं. म्हणाली, “मावशी, आई काही बोलतच नाही. म्हणते, तोफेला विचार, ती म्हणेल ते खरं.”

मुंगे, असं का म्हणालीस? निदान ‘मला काय कळतंय’ म्हणायचं होतंस. रबरावरून नुसता हात फिरला तरी ज्या बाईला त्याचं वय कळतं, तिने मुलीला माझ्याकडे पाठवलं.

आणि मी बोलले. पाऊण तास बोलले. वेग पुडीत बांधून विकणाऱ्यांवर बोलले, गरज नसलेली भूक लावणाऱ्या बाजारावर बोलले. “तुझ्या आईला आणि मला कुठे होते असले टायर,” असंही तिला म्हणाले. पोरीने एक अक्षर लिहून घेतलं नाही. वही मिटली, सायकल उचलली आणि दारात वळून म्हणाली, “आईपण हेच सांगते. चाकं दोघींची सारखीच होती, माझेच पाय कमी पडले.” आईची उंची सांगावी तितक्या सहज म्हणाली. मग उतरली. त्या दिवशीच्या बैठकीत मला दोन वाक्यं धड बोलता आली नाहीत. चिटणीसाने विचारलं, घसा बसलाय का? मी हो म्हणाले.

आता तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर लिहिते, म्हणजे निदान हे काम तरी होईल. रोजच्या सरावाला ते टायर घेऊ नयेत, पैसे रस्त्यावर सांडल्यासारखे जातील. पण शर्यतीला घ्यावेत. आत पातळ कापड असलेला टायर रस्त्याशी भांडत नाही, खडबडीत जागी उसळी न घेता सरकत जातो, आणि शेवटच्या चढाला पायांत जी चिमूटभर ताकद उरायला हवी ती उरवतो. मागे पडलेल्या बाईला तो पुढे आणत नाही. मात्र दोघी बरोबरीच्या असतील तर तोच ठरवतो. आदल्या दिवशी चढवून तासभर फिरवून घे म्हणावं, आणि हवा दगडासारखी कडक भरू नको. तू विचारशील, हे तोफेला कुठून माहीत?

संघातल्या एकाच जागेसाठी आपण दोघी उतरलो, त्या शर्यतीआधीचा आपला करार तुला आठवतो. कल्पना तुझीच होती. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच जातीचे टायर घ्यायचे. तू दुकानदाराच्या डोक्यावर बसून चारही टायर अंगठ्याने दाबून निवडलेस, तो म्हणाला, बाई, टरबुजं नाहीत ही. बाहेर पडताना तू म्हणालीस, “चाकं सारखी. आता पाय ठरवतील.” हो, ते वाक्य तुझं आहे. मी ते बक्षीस घेताना पहिल्यांदा माईकवर म्हटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांवर मी आजवर जगले. तू पहिल्या रांगेत होतीस. सर्वांत जोरात तू वाजवत होतीस.

त्याआधी शेवटच्या वळणावर आपण दोघीच उरलो होतो. तुझा श्वास माझ्या कोपरापाशी ऐकू येत होता, आणि रेषेवर अर्ध्या चाकाचं अंतर पडलं. माझ्याहून वीतभर बुटकी असून तू मला उचललंस. मी संघात गेले, तिथे शेवटून दुसरी आले आणि वर्षभरात सायकल सोडली, म्हणजे त्या जागेचं मी काय केलं तेही बघ. तू मात्र त्याच महिन्यात सायकल विकलीस आणि दुसऱ्यांची चाकं सरळ करायला बसलीस. कोणी विचारलं तर हसून म्हणायचीस, पायांचा निकाल लागला. मी शेजारी उभी असायचे. एकदाही बोलले नाही.

दर शर्यतीच्या सकाळी दोघींच्या चाकांत हवा तू भरायचीस, पंप मारायचा आणि अंगठ्याने दाबायचं. त्या सकाळी मात्र मी म्हणाले, माझी मी भरली आहे, तू दमू नकोस. तुला ते प्रेम वाटलं. जहाजावरच्या मामाने मला परदेशातून शर्यतीच्या टायरांची जोडी आणली होती. पंक्चर काढताना ट्यूब घासायच्या पॉलिश पेपरने मी त्यांच्या कडेवरचं कंपनीचं नाव घासून काढलं, वर राख चोळली, शर्यतीला तेच चढवले, आणि तुझा अंगठा लागू दिला नाही. पत्राबरोबरच्या पुडक्यात त्यातला एक आहे, संघटनेच्या जुन्या फलकाच्या कापडात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवलेला. रबर आता वाळलं आहे, दाबून कदाचित काही कळणार नाही. पण कडेवरून बोट फिरव. जिथे खरखरीत लागेल, तिथे नाव होतं. तुझे पाय कमी पडले नव्हते, मुंगे. गुरुवारच्या आत हे लेकीला सांग, आणि कोणी लिहिलं तेही सांग. रविवारच्या बक्षीस समारंभाला संयोजकांनी मला बोलावलं आहे, त्यांना तेच भाषण हवं आहे. मी त्यांना अजून काही कळवलेलं नाही. तू सांगशील तर तिथे उभी राहून हे पत्र वाचेन, आणि नको म्हणालीस तर येणार नाही.

तुझीच, अजून तसं म्हणू देशील तर,
तोफ