लाल पाटे

छत्रपती संभाजीनगर,
३० डिसेंबर

प्रिय सोमनाथ,

नाव घेऊन लिहिते आहे, दचकू नकोस. चार माणसांत ‘अहो’ आणि दोघंच असलो की ‘तू’, असं आपलं पहिल्या वर्षापासून ठरलेलं आहे. पत्रात आपण दोघंच आहोत. शिवाय मी रागावलेली आहे, आणि रागात मला ‘अहो’ सुचत नाही. फोनवर तू ‘बरं, ठेवतो’ म्हणतोस आणि खरंच ठेवतोस. पत्राला तसं करता येत नाही. फाडशील, पण वाचून झाल्यावर फाडशील, एवढं मी तुला ओळखते.

सगळ्यात आधी जे ऐकून तू चिडणार आहेस तेच सांगते. गाडी भंगारात दिलेली नाही. नाशिकला मोनिकाताईंकडे जाताना तू कुबड्या काखेत घेऊन दारात उभा राहिलास, आणि मला काय सांगितलंस, तर ते धूड विकून टाक, परत आल्यावर मला अंगणात दिसायला नको. भंगारवाला आला होता. तुझ्या आईंनीच बोलावला होता. मी त्याला चहा पाजला, त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली आणि रिकाम्या हाताने परत पाठवला. आईंना म्हटलं, ज्यांनी विकायला सांगितली त्यांनी येऊन विकावी. त्यावर आईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. माझ्या वाटणीची भाकरी मात्र झाकून ठेवायच्या, तीही गरम.

ती गाडी आपण आणली तो दिवस तू विसरला असशील तर मी आठवण करून देते. कन्नडची आलं वाहणारी जुनी पिकअप, चारी चाकांना ओढ असलेली, म्हणून तुझा जीव तिच्यावर जडला. बोजा वाहून वाहून सांगाडा वाकलेला, हौद्यात अजून आल्याचा वास. पैठण रोडवरच्या आपल्या गॅरेजात तिला उभी करून तू म्हणाला होतास की पुण्या-मुंबईची पोरं लाखालाखाच्या गाड्या ट्रेलरवर घालून शर्यतीला आणतात. आपण ही आपल्या हातानं बांधू, चालवतच नेऊ आणि त्यांच्या शेजारी उभी करू. मी त्या दिवशी तुझ्याबरोबर ठरवलं होतं. तू एकट्यानं ते मोडू शकत नाहीस, माझंही त्यात निम्मं आहे.

खुलताबादच्या पुढच्या माळावर जे झालं ते मी कडेला उभी राहून पाहिलंय. दुसरा फेरा, नाल्यापलीकडचा तो बांध, गाडी मागून उचलली गेली, नाकावर पडली आणि उलटली. कृष्णा शेजारी बसून वाट सांगत होता, त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. तुझा डावा गुडघा पेडलांमध्ये अडकला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून तू एकच वाक्य म्हणत राहिलास, ‘माझा पाय चुकला.’ सगळ्यांनी ते मान्य केलं. काहींनी त्यात भर घातली की बायकोनं नादाला लावलं. मालनबाई आत्यांनी तर हळदीच्या मांडवात सगळ्यांसमोर सुनावलं की बाईनं पाना हातात घेतला की घराचं वाटोळं होतं. मी म्हटलं, आत्या, परवा तुमच्या लेकाच्या जीपला ब्रेक मीच बसवलेत, ते तेवढे काढून आणून द्या.

तर मी पाना हातात घेतला. तू गेल्यावर गॅरेज बंद पडेल असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्याच गाड्या आता माझ्याकडं येतात. दिवसा त्यांचं काम आणि संध्याकाळी आपल्या धुडाचं. आधी इंजिन खोललं. हेडचं गॅस्केट जळालेलं होतं. वाळूजकडं मोडीत निघालेल्या एका गाडीचा टर्बो मिळाला, इंटरकूलर तिसऱ्याच गाडीचा, तो मावेना म्हणून पुढची जाळी कापली. डिझेल पंप लावून घ्यायला गेले तर तिथल्या माणसानं विचारलं, साहेब कुठं आहेत? म्हटलं, साहेब नाशिकला आहेत, काम बाईंचं आहे. ताकद वाढली तसं पाणी उकळायला लागलं, तू म्हणायचास तसंच. मग रेडिएटर पुढून काढला, केबिनच्या मागं हौद्यात उभा केला आणि त्याला दोन पंखे जोडले. हवेच्या फिल्टरचं तोंड वर टपापाशी नेलं, म्हणजे आपल्या माळाची धूळ इंजिनाच्या पोटात जायला नको. दिसायला ती आता अजूनच भयंकर झाली आहे. पण चढावर अशी ओढते की मला एकटीला हसू येतं.

चालवते मीच. नाक मुरडू नकोस. माझ्या तात्यांच्या दुकानात धक्का झेलणारे लोखंडी पाटे बसवून झालेल्या गाड्या घाटात नेऊन बघायचं काम लग्नाआधी माझंच होतं, आणि मला बघायला आलास तेव्हा मी तुझ्यासमोरच एक पिकअप मागं घेऊन दुरुस्तीच्या खड्ड्यावर लावली होती. वेरूळच्या अलीकडं पडीक माळ आहे, तिथं सरावाला जायला लागले. एकटी बाई माळावर कशी जाणार, म्हणून आई डबा घेऊन बरोबर यायला लागल्या. माझ्याशी न बोलता! शेजारच्या सीटवर बसायच्या, तिथं पोचलं की उतरून बाभळीखाली उभ्या राहायच्या, पदर खोचून, तोंड फिरवून. गाडीला लिंबू-मिरची त्यांनीच बांधलेली आहे.

आणि सोमनाथ, गाडी मला भ्यायला लावत होती. सपाटीला ठीक, पण जरा उंचवटा आला की मागची बाजू अशी उसळायची की स्टिअरिंग हातातून निसटायचं. मला वाटलं, तुझं जे चुकलं तेच माझंही चुकतंय. पाय लवकर काढला, उशिरा काढला, सगळं करून बघितलं. एक दिवस मी उतरून चाकाला टेकून बसले आणि रडले, खोटं कशाला बोलू. तेव्हा आई बाभळीखालून चालत आल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझं नाव घेतलं.

“अंबिका, तुझा पाय न्हाय चुकत. ती मागून लाथ मारतीया. मी उभी राहून रोज बघतीया.”

आणि ते बोलून झाल्यावर त्या स्वतःच खाली बसल्या. मला जे सुचलं तेच त्यांनाही सुचलं असणार. तुझा तरी कुठं चुकला होता?

तिथून सरळ गॅरेजात आले आणि मागची चाकं काढली. इंजिनाच्या नादात मी तिकडं इतके दिवस बघितलंच नव्हतं. मागच्या दोन्ही बाजूंना, आपल्या जुन्या काळ्या पाट्यांच्या मध्ये, दोन-दोन लाल पाटे होते. तो लाल रंग मला दाखवून द्यावा लागत नाही. कन्नडच्या नाक्यावर तात्या नवा पाटा घडवला की त्याला तोच रंग देतात. घाटातल्या निम्म्या गाड्यांखाली तो सापडेल. लहानपणी माझ्या फ्रॉकला तो लागलेला असायचा.

शर्यतीच्या आधी तू गाडी त्यांच्याकडं पाठवली होतीस, पाट्यांची कमान थोडी उतरवून नरम करायला. त्यांनी उलटंच केलं. जावयाची गाडी, ती बसता कामा नये, म्हणून प्रेमानं पाटे वाढवले. आयुष्यभर आल्याच्या आणि उसाच्या गाड्या सांभाळलेला माणूस तो. ओझ्याच्या गाडीचा पाटा वाकून चालत नाही, शर्यतीच्या रिकाम्या गाडीचा वाकावाच लागतो, हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

मी कृष्णाला बोलावून घेतलं. लाल पाटे फरशीवर मांडून ठेवले होते. बघितल्याबरोबर तो उंबऱ्यातच थांबला. बराच वेळ हा विषय, तो विषय काढून झाला, शेवटी म्हणाला, “वहिनी, पहिल्याच उडीला त्याला कळलं होतं. मी म्हणलो, थांबव, काढून टाकू. तर म्हणला, तात्या कडेला हुभे हायेत, त्यांच्या डोळ्यादेखत काढू व्हय?”

मला ती सकाळ आठवली. तात्यांनी स्वतः गाडी आणली होती, बॉनेटपुढं नारळ फोडला होता, आणि भेटेल त्याला सांगत होते की जावयाची गाडी मी बांधली. नव्या टोपीत किती खूश होते ते. आणि मग मला दवाखाना आठवला. तात्या दर रविवारी कन्नडहून एसटीनं यायचे, शहाळं घेऊन, आणि ते आले की तू भिंतीकडं तोंड करायचास. आम्ही समजलो, तू सगळ्या जगावर चिडलायस. तू तर फक्त त्यांच्यासमोर तोंड उघडायला भीत होतास. नाशिकला गेलास तेही त्यांच्या रविवारापासून लांब जायला. कृष्णाला शपथ घातलीस. मला मात्र काही सांगितलं नाहीस, कारण मी गप्प बसणार नाही हे तुला माहीत होतं.

बरोबर ओळखलंस. मी गप्प बसले नाही. तू चौदा महिने ज्यांना जपलंस, त्यांना मी जाऊन सगळं सांगून टाकलं. मला याचं वाईट वाटत नाही. माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नाही, असं जग म्हणणार, आणि त्याच्यावर माझ्या बापाची अब्रू उभी राहणार, हे मला चालणार नाही. माझा बाप एवढा कच्चा नाही, सोमनाथ. तुला वाटला, पण नाही.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. हातातला हातोडा खाली ठेवला. म्हणाले, “पाटा वाकला असता तर जावयाचा पाय वाचला असता.” आणि थोड्या वेळानं, “पोरानं मला का नाय सांगितलं?” याचं उत्तर तू द्यायचं आहेस. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत हत्यारं घालून ते गॅरेजात हजर. जास्तीचे पाटे तर मी काढलेच होते, उरलेल्यांची कमान त्यांनी भट्टीवर नव्यानं दिली, लांब आणि नरम, मध्ये घसरायला पट्ट्या घातल्या. पुण्याच्या एका जुन्या रॅलीच्या गाडीचे धक्के जिरवणारे शॉक मी आणले होते, ते प्रत्येक चाकाला दोन बसवले. त्यांचा हात सारखा अजून एक पाटा घालायला जायचा आणि सारखा मागं यायचा. आता गाडी उंचवट्यावरून जाते तेव्हा मागची बाजू खाली बसते आणि निमूट वर येते. आई त्यातून घृष्णेश्वराला जाऊन आल्या. पाठ न्हाय दुखली, एवढंच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ते पुष्कळ आहे.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते सांगते. संक्रांतीनंतरच्या रविवारी त्याच माळावर शर्यत आहे. नावं देऊन झाली आहेत. चालवणार अंबिका, शेजारी बसून वाट सांगणार सोमनाथ. तुला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. कृष्णा बसायला तयार होता, मी नको म्हटलं. त्यामुळं तू नसलास तर गाडी सुटणार नाही, नियमच तसा आहे. डॉक्टरांना तुझे एक्स-रेचे फोटो दाखवले. हाड पक्कं जुळलंय, गुडघा क्लच दाबण्याइतका वाकणार नाही, म्हणाले. शर्यतीचं नाव काढल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, पण इथं आणा, तपासून सांगतो, असंही म्हणाले. म्हणजे तुला यावं लागणारच. आई दिवाळीला नाशिकला आल्या होत्या, दृष्ट लागू नये म्हणून तुझ्या पायाला काळा दोरा लावत बसल्या होत्या, आठवतं? एक दोरा बांधला, दुसरा परत घेऊन आल्या. त्यावर कमरेपासून गुडघ्यापर्यंत आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत गाठी मारलेल्या होत्या. त्या मापानं तात्यांनी एका लाल पाट्याचा तुकडा तापवून डाव्या सीटपुढं पाय टेकायला बैठक केली आहे, तुझा गुडघा जेवढा वाकतो तेवढ्याच उताराची. तिथं दुसऱ्या कुणाचा पाय नीट बसत नाही, मी बसून बघितलं. तात्या परत त्याच जागी कडेला उभे राहणार आहेत आणि या वेळी नारळ तू फोडायचा आहेस. नाला ओलांडला की तो बांध येईल. तू एकदा चूक नसताना तिथं गप्प बसलास. आता बांध आला की मोठ्यानं सांग, मी पाय काढीन.

तुझीच,
अंबिका