शाळेचा वाटा

६ एप्रिल, सोमवार
गेल्या मे महिन्यातली ती सकाळ. ह्यांनी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला नेला, मी पोहे भिजवले, ड्रायरमधले कपडे काढले. "सुनेत्रा, टॅक्सचा चेक टाऊन हॉलमध्ये देऊन येतो," म्हणाले. आले, पोहे खाल्ले. आणि जूनमध्ये गेले.

ह्यांच्या नावाचं पाकीट मी चाळीस वर्षांत कधी फोडलं नाही. गेल्यावरही हात धजावला नाही. आलं की त्यांच्या टेबलावर नीट ठेवायचं, बस. आज आमचा मुलगा नकुल टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून आला आणि त्याने सगळी फोडली! प्रॉपर्टी टॅक्सचे तीन हप्ते थकलेले.

"आई, यार! एक दिवस घर जाईल अशाने!"

७ एप्रिल
नकुल म्हणाला, "तुला एकटीला नाही झेपत. घर विकू, तू आमच्याकडे चल." शनिवारी एजंट सही घ्यायला येणार. मी हो म्हटलं. कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

८ एप्रिल
डिक्शनरी घेऊन बिल वाचलं. माझं इंग्रजी सगळं इथल्या लायब्ररीतलं, पण पुरतं. बिलातली निम्म्याहून जास्त रक्कम शाळांची! समोरच्या अंतराची उर्वी दुसरीत आहे. तिच्या वर्गातल्या मदतनीस बाईंना यंदा काढलं. माझ्यामुळे? — जेवण गेलं नाही.

९ एप्रिल
नकुलला न सांगता बसने टाऊन हॉलला गेले. काउंटरवरच्या बाईंना आधी तेच विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, तुमच्यामुळे शाळेचा एक डॉलरही अडला नाही. लोक भरोत न भरोत, टाऊन शाळेला पूर्ण रक्कम देतं.

"मग माझा वाटा कोणी भरला?"

"सगळ्यांनी मिळून. काही जण भरणार नाहीत हे धरूनच टाऊन सगळ्यांचा टॅक्स ठरवतं."

म्हणजे अंतराने. कोपऱ्यावरच्या उल्हासकाकांनीसुद्धा — त्यांना तर मूलबाळही नाही! वर्षभर वाटत होतं, मी अगदी एकटी. आणि अख्खी गल्ली माझा भार उचलत होती. लाज वाटली. आणि किती दिवसांनी बरंही वाटलं!

व्याजासकट चेक लिहिला. खाली माझी सही.

येताना अंतराला सगळं सांगून टाकलं. तर म्हणते, "काकू, तुमच्या चकल्या किती खाल्ल्या आम्ही, त्यात वळतं करा!" उर्वी दारातूनच ओरडली, "आजी, आर यू मूव्हिंग?"



१० एप्रिल
ह्यांनी लावलेले ट्युलिप वर आलेत. निम्मे हरणांनी खाल्ले. रडले. मग कणीक मळली.

११ एप्रिल, शनिवार
एजंट आला. त्याला चहा दिला, सही दिली नाही.