सतरा सामने आणि वाटीतला गणपती

टौरंगा, ६ जानेवारी

ती. आईस, आम्हा दोघांचा आणि वाटीत बुडलेल्या गणपतीचा नमस्कार.

घाबरू नकोस. चंद्रहासने त्याच्या लाडक्या अमेरिकन फुटबॉल टीमसाठी सप्टेंबरात देव पाण्यात ठेवला. एक मॅच जिंकली की काढू, म्हणाला. टीम सतराच्या सतरा हरली! चार महिने मी रोज पाणी बदलतेय आणि देवाची माफी मागतेय.

अमेरिकेतली रविवारची मॅच इथे सोमवारी सकाळी असते. चंद्रहास हल्ली घरीच असतो, त्यामुळे एकही चुकली नाही.

तुझा गुडघा कसा आहे?

काल सीझन संपला. मी गणपतीला पुसायला घेतलं, तर चंद्रहास म्हणाला, "गुरुवारपर्यंत राहू दे गं."

गुरुवारी त्याचा इंटरव्ह्यू आहे. तू लग्नात दिलेली अन्नपूर्णाही मी हळूच त्याच वाटीत ठेवली.

तुझी मृदुला