भाचीचं सुतक

सिॲटल, ९ नोव्हेंबर १९३१

प्रिय तोमी,

तुला, तुझ्या यासुतारोरावांना आणि रविवारी तुझ्या स्वयंपाकघरात चहाला जमणाऱ्या टकोमाच्या सगळ्या हॉटेलवाल्यांना हे पत्र. मोठ्याने वाच. आपलं सगळ्यांचं दुखणं एकच आहे. परक्यांच्या चादरी आपण धुवायच्या, त्यांच्या ओकाऱ्या आपण पुसायच्या, पण इमारतीच्या भाडेकरारावर आपलं नाव चालायचं नाही. का, तर आपण जपानात जन्मलो. म्हणून नाव घालायचं ते इथे जन्मलेल्या लेकराचं. या कायद्यावर महिला मंडळात मी किती भाषणं ठोकली! टाळ्याही घेतल्या.

तुझा गुडघा कसा आहे? इकडे थंडी पडली. लाकडाच्या गिरण्या बंद, म्हणून वरचा मजला रिकामाच. बॉयलर धूर ओकतो. मुळ्याचं लोणचं यंदा नासलं, मीठ घालायचं राहिलं. मीठ मी विसरत नाही, हे तुला ठाऊक आहे.

किकुयो बरी आहे ना? तिला हाक मार, जवळ बसव, आणि मग पुढचं वाच.

गेल्या आठवड्यात आमच्या हॉटेलात एक मुलगी वारली. छातीचा विकार होता. ह्यांनी गल्लीत सांगितलं, टकोमाची भाची पाहुणी आली होती, ती गेली. म्हणजे तुझी किकुयो.

किकुयो तुझ्याजवळ बसली आहे, तोमी. गेली ती माझी नोबुए.

हॉटेल नोबुएच्या नावावर आहे. डिसेंबरात तिने इमारतीच्या मालकासमोर बसून नव्या करारावर सही करायची होती. ती गेली म्हटल्यावर आम्ही रस्त्यावर. तिचे हात अजून गार झाले नव्हते, तोच हे माझ्या कानाशी आले.

“शिगेयो, रडायचं तर रड. पण भाचीसाठी रडतात तेवढंच रड.”

मी तिचे हात पांघरुणात घेतले. हे म्हणाले, “मालक वर्षातून एकदा तोंड बघतो तिचं. या लोकांना आपले चेहरे ओळखू येतात होय? त्यांच्या लेखी आपण सगळे एका पोत्यातले तांदूळ.”

हे दुष्ट नाहीत, तोमी. तळघरात बॉयलरच्या आडोशाला तोंडात पंचा कोंबून रडताना मी त्यांना पाहिलं आहे. पण वर आले की पुन्हा हॉटेलवाले.

गल्ली भेटायला आली. हमामवाल्या ओगावाबाईंनी नोबुएला जन्मल्या दिवशी न्हाऊ घातलं होतं. त्यांनी उदबत्ती लावली, जमिनीकडे बघत म्हणाल्या, “तुमच्या भाचीचं ऐकलं. फार वाईट झालं.” त्यांच्यामागून प्रत्येकाने तेच म्हटलं. सगळ्यांना खरं ठाऊक होतं. सगळ्यांचीच हॉटेलं कुठल्या ना कुठल्या पोराच्या नावावर उभी आहेत. आणि भाषणं ठोकणारी मी, वाकून म्हणत होते, “हो, बिचारी माझी बहीण.”

आमचं जुनं गिऱ्हाईक, ओल्सन लाकूडतोड्या, टोपी काढून आत आला. त्याला कुणी पढवलं नव्हतं.

हे म्हणाले, “आमची भाची होती.”

“भाची?” तो म्हणाला. “माझी दोन बोटं करवतीखाली गेली, तेव्हा रोज पट्टी कुणी बदलली? ‘ओल्सनकाका, रडलात तर भाडं वाढवीन,’ असं कोण म्हणायचं? मालकीणबाई, ही नोबुए आहे.”

साऱ्या खोलीत तिचं नाव घेणारा तेवढा एकच निघाला. ह्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. मी पुढच्या पाहुण्यापुढे वाकले.

आता ऐक. गुरुवारी हे तुझ्याकडे येतील. किकुयोला मागतील. ती इथे राहील, सही करील, नोबुए म्हणून जगेल. “दोनच वर्षं,” म्हणतील, तुझ्या दारात डोकं टेकतील. दोन वर्षांनी ती परत कोण म्हणून येणार? किकुयो मेली, हे आमच्या गल्लीने केव्हाच मान्य केलंय. तिचं लग्न, तिची मुलं, तिचा मृत्यूसुद्धा माझ्या लेकीच्या नावावर चढेल. आणि माझ्या लेकीचा मृत्यू कुणाचाच राहणार नाही.

कायदा आपण केला नाही. पण त्याच्यासमोर आपण आपली लेकरं ढालीसारखी धरली. एक ढाल फुटली म्हणून दुसरी पुढे करायची?

हॉटेल जाईल. जाऊ दे. मी दुसऱ्यांच्या घरी भांडी घासीन, पण देवळात नोबुएच्या नावाने मंत्र म्हणवून घेईन. ह्यांना हे सांगून झालं आहे. ते ऐकत नाहीत. तू ऐक. पत्र ओल्सनच्या हाती देते, टपालाचा भरवसा नाही.

गुरुवारी ह्यांना आत घे. जेवू घाल, पाय शेकायला दे, रडू दे. पण किकुयोला त्यांच्याबरोबर पाठवू नकोस.

नोबुएची आई,
शिगेयो